बाग, लंगर आणि माळ्याचा पगार

बहुतेक शहरांची जन्मकथा नदीच्या घाटावर, नाहीतर देवळाच्या पायरीवर सुरू होते. आमच्या नगरची कथा एका बागेत सुरू होते. १४९० साली मलिक अहमद याने बहामनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेवर भिंगारजवळ अचानक छापा घातला आणि तिचा पुरता मोड केला. ‘बागेची लढाई’ हेच त्या लढाईचे इतिहासातले नाव आहे; कारण विजयाच्या जागी अहमदने वाडा बांधला, भोवती बाग लावली आणि तिला बाग-निजाम असे नाव दिले. पुढे चार वर्षांनी, १४९४ साली, सीना नदीच्या काठी त्याने आपल्या नावाचे शहर वसवावयास घेतले. म्हणजे आधी बाग आणि मागाहून शहर असा हा उफराटा क्रम आहे. २०२४ साली या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु जुन्या नावातले आणि नव्या नावातले ‘नगर’ एकच असल्यामुळे आम्हा जुन्या माणसांची बोलताना फारशी अडचण होत नाही.

या नगरच्या बागांविषयी आज लिहावयाचे आहे, पण ते केवळ गतवैभवाचे सुस्कारे टाकण्यासाठी नव्हे. शहराच्या तिजोरीतून बागेवर किती खर्च करावा आणि दीनदुबळ्यांवर किती, असा वाद आपल्याकडे दर वर्षी होतो. कोणी म्हणतो, माणसांना औषध मिळेना आणि तुम्ही कारंजी कसली उडवता? दुसरा म्हणतो, मग काय शहराचे वाळवंट करावयाचे? दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांचेही थोडेफार खरे असते. पाचशे वर्षांचा नगरचा इतिहास मात्र या वादाकडे निराळ्याच बाजूने पाहावयास शिकवतो असे मला वाटते.

प्रथम बागांचेच पाहू. बाग-निजामच्या जागी पुढे भुईकोट किल्ला उभा राहिला. त्याचा दगडी तट हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात बांधविला. शहराच्या वायव्येस हश्त-बिहिश्त बाग होती. नावाचा अर्थ आठ स्वर्ग. आग्नेयेस फराहबाग. नगरकरांच्या जिभेवर ती ‘फर्याबाग’ झाली. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत, १५८३ च्या सुमारास, तिचे काम पुरे झाले. आधीच्या कारभाऱ्याने बांधलेली इमारत शहास पसंत पडली नाही म्हणून ती पाडून सलाबतखानाकरवी दुसरी बांधविली, अशी हकीकत आहे. विस्तीर्ण चौकोनी तलाव, मधोमध उंच कमानींचा महाल आणि सभोवती झाडी असा हा थाट होता. आज महालाच्या कमानी उभ्या आहेत. तलावात पावसाळ्याबाहेर पाणी नसते, आणि बाग म्हणावी असे तर काहीच उरलेले नाही.

दगड राहिले आणि झाडे गेली, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल आहे ते पाण्याचे. नगरचा मुलूख अवर्षणाचा. सीना पावसाळा सरला की आटते. अशा जागी तलाव भरलेला ठेवावयाचा तर पाणी लांबून आणावे लागे. निजामशाहीतल्या कारागिरांनी कापूरवाडी, वडगाव, शहापूर अशा आसपासच्या गावांच्या बाजूने, उंचावरच्या झऱ्याविहिरींचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात आणि बागांत खेळविले. हेच ते नगरचे प्रसिद्ध खापरी नळ. नळाभोवती चुन्याचा गिलावा, वर बांधकाम, आणि मधून मधून हवा बाहेर पडावी म्हणून उभारलेले उच्छ्वास अशी त्यांची रचना होती. पाणी केवळ उताराने वाहावयाचे. यंत्र नाही की मोट नाही.

परंतु या व्यवस्थेला एक गोष्ट सतत लागे, ती म्हणजे माणूस. नळात झाडांच्या मुळ्या शिरतात, गाळ साचतो, एखादी खापरी फुटते आणि पाणी वाटेतच मुरते. कोणीतरी रोज नळावरून चालत जावे, कोठे ओल दिसते ते पाहावे, तेथे उकरून नवी खापरी बसवावी, तेव्हा कोठे महालापुढचे कारंजे उडावयाचे. महाल बांधणाऱ्या सरदारांची नावे बखरींत आली. नळ राखणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. १६०० साली किल्ला मोगलांच्या हाती पडला, १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्यानंतर १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला, १७९७ मध्ये शिंद्यांकडे गेला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. इतक्या धन्यांच्या हातांतून गेलेल्या गावात बागेच्या नळावरून फिरणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? बागांवर कोणी शत्रू चालून आला नाही. त्या तहानेने गेल्या.

आता दुसरी बाजू. त्याच निजामशहांनी अन्नदानही केले. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिरच्या उपदेशाने शिया पंथ स्वीकारला आणि किल्ल्यासमोर बारा इमामांच्या नावाने लंगर, म्हणजे अन्नछत्र, उघडले. तेथे गोरगरिबांस रोज शिजवलेले अन्न मिळे. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, बुऱ्हाणने नुसती इमारत बांधली नाही. काही गावांचा वसूल त्या लंगराच्या खर्चासाठी तोडून दिला. चूल पेटविणे एक आणि ती पेटती ठेवणे दुसरे, हे त्याला पुरते उमगले होते असे दिसते.

तरीही तो लंगर आज नाही. ज्या सत्तेने गावे लावून दिली ती सत्ता गेली, आणि गावांचा वसूल नव्या धन्याच्या तिजोरीकडे वळला. म्हणजे राजाच्या चैनीची बाग आणि गरिबांच्या पोटाचा लंगर, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे आपण मानतो त्या दोन गोष्टी, अखेर एकाच कारणाने लयास गेल्या. दोहोंचाही वर्षासनाचा झरा आटला. बागेचा पैसा लंगराने खाल्ला नाही, की लंगराचा बागेने. दोघांनाही विसरणारा कारभार आला, इतकेच.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. भातोडीचा तलाव निजामशाहीतलाच. १६२४ साली मलिक अंबरने मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला तो याच्याच परिसरात. हाही तलाव पुढे मोडकळीस आला. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तो दुरुस्त करून त्याचे पाणी पुन्हा शेतीस दिले. शेतकऱ्यास पाणी मिळाले की सरकारास पाणीपट्टी मिळते, म्हणून ही डागडुजी झाली. फराहबागेच्या तळ्यावर कोणास पट्टी बसविता येत नव्हती. उत्पन्न देणारी वस्तू कोणीही दुरुस्त करतो. जिचे उत्पन्न फक्त माणसाच्या मनात किंवा पोटात जमा होते, तिच्यासाठी मात्र मुद्दाम ठराव करावा लागतो.

असा ठराव कसा करावा, हे आमच्याच जिल्ह्याच्या एका लेकीने सगळ्या हिंदुस्थानास दाखवून दिले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावचा. होळकरांच्या घरात १७३४ पासून दोन तिजोऱ्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. दुसरी खासगी, म्हणजे घरच्या स्त्रीच्या नावे तोडून दिलेल्या गावांची. त्या वर्षी ही खासगी अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावाने सुरू झाली आणि त्यांच्यामागून ती अहिल्याबाईंकडे आली. १७६७ ते १७९५ या आपल्या कारभारात त्यांनी दौलतीचा पैसा राज्याच्या कामी आणि खासगीचा पैसा धर्मकार्यी, असा हिशेब वेगळा राखला. काशीचे देऊळ, घाट, विहिरी, धर्मशाळा, सदावर्ते यांची यादी आपल्या मुलांस शाळेत पाठ असते. पण त्या यादीतला खरा शहाणपणा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यांनी घाट बांधला की घाटाच्या झाडलोटीची सोय लावली. सदावर्त घातले की धान्याची नेमणूक करून दिली. म्हणून पुष्कळ ठिकाणी दान करणारी गेल्यावरही दान चालू राहिले. १९६२ साली या खासगी संस्थांसाठी विश्वस्त मंडळ नेमले गेले. पुढे त्याच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उठला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तात्पर्य, कायमची नेमणूक करून दिली तरी तिच्यावर नजर ठेवणारा डोळा लागतोच.

आता शहा नाहीत, सरदार नाहीत आणि खासगीही नाही. त्यांच्या जागी आपण आहोत, म्हणजे नगरपालिका आहे. नगरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली. १८५० च्या ज्या कायद्याने गावोगावच्या रहिवाशांस आपल्या गावाची व्यवस्था पाहण्याची मुभा मिळाली, त्याचे हे फळ. जुने खापरी नळ दुरुस्त करून चालविण्याचे कामही तिच्याच वाट्याला आले. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाणी आता मुळा धरणावरून येते. ते उताराने येत नाही, विजेच्या पंपाने येते, आणि पंपाचे बिल दर महिन्याला येते. नळावरून चालणाऱ्या माणसाच्या पगाराची जागा आज या बिलाने घेतली आहे.

महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा. त्यात नगरपित्यांची कर्तव्ये दोन कलमांत वाटलेली आहेत. त्रेसष्टाव्या कलमात ‘केलीच पाहिजेत’ अशी कामे येतात: पाणी, गटारे, दिवाबत्ती, रुग्णालये व दवाखाने, प्राथमिक शिक्षण, अग्निशमन. सहासष्टाव्या कलमात ‘करावीशी वाटली तर’ करावयाची कामे येतात. सार्वजनिक उद्याने व क्रीडांगणे या दुसऱ्या यादीत आहेत, हे ऐकून कोणास आश्चर्य वाटणार नाही. परंतु जर्जर, असाध्य रोगी, अंध, मूकबधिर अशांच्या संगोपनाच्या संस्थाही त्याच दुसऱ्या यादीत आहेत! कायद्याच्या कागदावर बागेतला गुलाब आणि दारात पडलेला आजारी म्हातारा हे शेजारी आहेत. दोघेही नगरपित्यांच्या मर्जीवर. १९९२ साली घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली आणि बारावे परिशिष्ट जोडले गेले. त्यातल्या अठरा कामांत नववे दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचे, दहावे झोपडपट्टी सुधारण्याचे, अकरावे नागरी दारिद्र्य कमी करण्याचे आणि बारावे उद्याने-मैदानांचे आहे. येथेही तेच शेजारी! आपण मात्र त्यांची भांडणे लावून देतो.

भांडण लागते ते अंदाजपत्रकाच्या मोसमात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीपुढे येते आणि तेथून महासभेत जाते. त्यात जमाखर्चाचे दोन कप्पे असतात, महसुली आणि भांडवली. बाग बांधणे हे भांडवली काम. त्याला राज्याचा किंवा केंद्राचा निधी मिळू शकतो. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत पाणी व मलनिःसारणाबरोबर हरित क्षेत्रांचाही समावेश होता. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र येते. पण माळ्याचा पगार, पंपाची वीज, झोक्याची तुटलेली साखळी, रात्रीचा पहारेकरी हा सारा महसुली खर्च. तो शहराच्या स्वतःच्या घरपट्टीतून, पाणीपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून भागवावयाचा. दवाखान्याचेही तसेच. इमारत आणि यंत्र अनुदानातून येते. परिचारिका, औषधे आणि धुलाई यांचा खर्च दर महिन्याला शहराच्याच खिशातून होतो. आपली भांडवली बाजू उदार आणि महसुली बाजू कंजूष असते, कारण दुसऱ्याच्या पैशाने बांधणे सोपे आणि स्वतःच्या पैशाने राखणे कठीण.

पूर्वी शहराला जकातीचा आधार असे. गाडी नाक्यावर आली की पैसा रोज तिजोरीत पडे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे शहरे भरपाईच्या अनुदानावर अवलंबून राहिली. जकातीत जाच होता, लाचही होती. तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. पण स्वतःच्या मिळकतीवर जगणारा गृहस्थ आणि थोरल्या भावाच्या मनिऑर्डरीवर जगणारा गृहस्थ यांच्या हिशेबात फरक पडतोच. दुसऱ्याने घरखर्च कापावयास काढला की पहिली कात्री ‘करावीशी वाटली तर’ या यादीवर पडते.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे काही पैसा आधीच बाजूस काढण्याची रीत पडली आहे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाडांसाठी वृक्षकर घेता येतो; तो घरपट्टीच्या बिलात पाहावयास मिळतो. दिव्यांगांसाठी तसेच महिला व बालकल्याणासाठी पाच-पाच टक्के राखून ठेवावे असे दंडक आहेत. बुऱ्हाणने लंगरास लावून दिलेल्या गावांचा हा आजचा अवतार म्हणावयाचा. तरीपण राखून ठेवलेला पैसा खर्च झालाच असे होत नाही. वर्ष संपता संपता तो तसाच पडून राहावा आणि ज्याच्यासाठी राखला त्याला त्याचा पत्ताही नसावा, असे पुष्कळ गावी घडते.

मग ‘आधी पोट की आधी फूल?’ या प्रश्नाचे उत्तर काय? माझे उत्तर साधे आहे. दुष्काळात एक टँकर पाणी असेल आणि एका बाजूला तहानलेली वस्ती व दुसऱ्या बाजूला हिरवळ असेल, तर पाणी वस्तीलाच गेले पाहिजे. यात वाद नाही. पण त्या वर्षी हिरवळीबरोबर माळीही काढून टाकला, तर पुढच्या वर्षी पाऊस येतो, बाग येत नाही. आणि बाग कोणाची? ज्याच्या बंगल्यापुढे अंगण आहे त्याला सार्वजनिक बागेवाचून काही अडत नाही. सिद्धीबागेत, गंगा उद्यानात किंवा महालक्ष्मी उद्यानात सायंकाळी जाऊन पाहावे. एका खोलीत सहा माणसांचा संसार करणारी आई तेथे लेकराला मोकळे सोडते. सुनेला घरात जरा मोकळीक मिळावी म्हणून बाहेर पडलेले आजोबा तेथे बाकावर बसतात. राजाची बाग रयतेसाठी नव्हती. शहराची बाग ही गरिबाची ओसरी आहे. तिला चैन म्हणणे म्हणजे गरिबाला पोटाशिवाय काही नसते असे म्हणणे होय.

याची एक साक्ष भुईकोट किल्ल्यानेच दिली आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चअखेरपर्यंत जवाहरलाल नेहरू तेथे बंदिवासात होते. त्या वेळी त्यांनी किल्ल्याच्या आवारातली खडकाळ जमीन खणून फुलझाडांचे वाफे तयार केले. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, असे ते आपल्या ‘भारताचा शोध’ या ग्रंथाच्या आरंभी सांगतात. बाग-निजामच्याच मातीत, चारशे पन्नास वर्षांनंतर, एका कैद्याने पुन्हा बाग लावली! बाहेर देश पेटलेला, आत उद्याची शाश्वती नाही, अशा वेळी माणसाला कुदळ हाती घ्यावीशी वाटली, ती चैन म्हणून खचित नव्हे.

परदेशांतही हाच पेच आहे. विलायतेत वृद्धांची व मुलांची देखभाल ही तेथील नगरसभांची कायदेशीर जबाबदारी आहे. उद्याने मात्र ऐच्छिक. २०१० नंतर सरकारी अनुदाने घटली तेव्हा तेथील उद्यानांवर मोठी कात्री चालली. पण मिल्टन कीन्स नावाच्या एका नव्या शहराने १९९२ सालीच आपली उद्याने एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपविली आणि तिला भाड्याच्या इमारती जोडून दिल्या. त्या उत्पन्नावर उद्याने राखली जातात. चौंडीच्या लेकीची खासगीची युक्ती दोनशे वर्षांनी त्यांनाही सुचली म्हणावयाची. आणि इतक्या लांब तरी कशाला जावे? नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा आणि मग कोणती पिके घ्यावयाची ते ठरवावयाचे, असा नेम घातला. त्या गावाचे बांध आणि झाडी टिकली ती याच नेमामुळे. तेथे राखण्याचा निर्णय दर वर्षी नव्याने, सर्वांसमक्ष होतो.

शहरात हे सर्वांसमक्ष होणेच मध्यंतरी अवघड झाले होते. २०२३ च्या डिसेंबरअखेर आमच्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यामुळे २०२४ सालचे अंदाजपत्रक भांडणाशिवाय मंजूर झाले. भांडण नसणे हे नेहमीच शुभचिन्ह असते असे नाही. आमच्या वॉर्डातल्या बागेचा दिवा बंद आहे, दवाखान्यात औषध नाही, असे उठून सांगणारा कोणी सभागृहात असला पाहिजे, आणि त्याला ते सांगावयास लावणारे आपण बाहेर असलो पाहिजे.

म्हणून दिवाळीच्या फराळाच्या ताटावर एक विनंती करून हा लेख पुरा करतो. दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांत गावोगावची अंदाजपत्रके तयार होऊ लागतात. पुढाऱ्यांस ‘नवीन काय बांधणार?’ असे आपण सगळेच विचारतो. यंदा दोनच प्रश्न निराळे विचारावे. गेल्या वर्षी जे बांधले त्याच्या देखभालीस या वर्षी किती रक्कम ठेवली? आणि अपंग, वृद्ध, बायकामुले यांच्यासाठी जी रक्कम राखली होती, तिच्यातली खर्च किती झाली? उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्यावी आणि पुढच्या दिवाळीस पुन्हा काढून पाहावी. बाग राखणारा माळी आणि रुग्णास औषध देणारी परिचारिका या दोघांचा पगार महिन्याच्या महिन्याला होत असेल, तर ते शहर श्रीमंत आहे असे खुशाल समजावे.